पेटी रद्दीत जाणार नाही

कोण म्हणतं आमच्या बायकांनी कागद मागं ठेवले नाहीत? ठेवले. ठेवणारीला कुणी विचारलं नाही, एवढंच. पुढाऱ्यानं सिगारेटच्या पाकिटावर केलेली सही आपण जपतो. मोर्चाचं हँडबिल, तुरुंगातून आलेलं पोस्टकार्ड, स्टेजवरचा फोटो, हे सगळं चळवळीचं धन. आणि सदतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईचे कागद निघाले की आपलाच माणूस म्हणतो, "सर्व्हिसचे कागद आहेत ते. काय करायचेत?"

काय करायचेत ते सांगते. जरा थांबून ऐका.

माझी थोरली मावशी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी ट्रंक एक्स्चेंजात टेलिफोन ऑपरेटर होती. १९६४ साली लागली, २००१ साली निवृत्त झाली. ती गेली आणि मागं एक पत्र्याची पेटी राहिली. पेटीत नेमणुकीची ऑर्डर. जातीच्या दाखल्याच्या सहा नकला. १९ सप्टेंबर १९६८ च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात गेली म्हणून मिळालेला मेमो. युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचं पासबुक. किरकोळ रजेच्या अर्जांचा गठ्ठा. आणि अकरा वह्या.

आजच्या पोरांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते माहीत नाही. परगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा. ऑपरेटर पेन्सिलीनं तिकिटावर नंबर, गाव, वेळ लिहिणार. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर. दोरी भोकात खुपसली की दोन गावं जोडली जायची. तीन मिनिटं झाली की तीच सांगणार, वेळ संपली. अख्ख्या जिल्ह्याची मरणं, लग्नं, बदल्या, बाजारभाव या बाईच्या कानावरून जायचे. ज्या जातीची सावली नको होती, तिच्या आवाजावाचून कलेक्टरचाही फोन लागत नव्हता. आणि ऐकलेलं बोलायची कायद्यानं बंदी. १८८५ चा टेलिग्राफ कायदा. निरोप फोडला तर शिक्षा.

आता तिच्या रजेच्या अर्जांकडं बघा. दरसाल दोन अर्ज. एक एप्रिलातला, एक डिसेंबरातला. कारणाच्या जागी एकच शब्द, "घरगुती". चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर हे तिचं घरगुती कारण! कुणाचा बाप वारला, कुणाच्या घरी पूजा, ते अर्जात खुशाल लिहिता यायचं. आमच्या बाईनं बाप जन्मल्याचा आनंद आणि बाप गेल्याचं दुःख एका शब्दात दडवून वर नेलं. तुम्हाला हे कागद क्षुल्लक वाटतात. मला तो एक शब्द भाषणाच्या कॅसेटीहून मोठा वाटतो.

खरी गोम पुढं आहे.

पेटी उघडली तेव्हा आमचा एक तरणा कार्यकर्ता आला होता. पोरगा चांगला आहे, भाषणात आग ओकतो. त्यानं नेमणुकीचे कागद चाळले आणि त्याचं तोंड उतरलं. धर्माच्या रकान्यात "हिंदू", जातीच्या रकान्यात "महार". मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे जाळून टाका. बाहेर कळलं तर बदनामी. धम्मात आलेली बाई सरकारी कागदावर हिंदू राहिली."

मित्रा, बदनामी कुणाची? जरा हिशेब कर.

मावशी पंधरा वर्षांची असताना १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबांबरोबर नागपूरला होती. दीक्षा तिनं स्वतःच्या तोंडानं घेतली. पण १९५० चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश काय सांगत होता? हिंदू असशील तरच तू अनुसूचित जाती. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. बौद्धांची पडली १९९० साली. महाराष्ट्र राज्यानं आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना आधीच दिल्या. पण तार-टेलिफोन दिल्लीच्या हातात. म्हणजे १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं, केंद्राच्या नोकरीत आमच्या माणसापुढं दोनच रस्ते. बौद्ध लिही आणि राखीव जागा सोड. नाहीतर जागा घे आणि हिंदू लिही. धर्म बदलला म्हणून गावातला विटाळ गेला होता का? पाणवठा मोकळा झाला होता का? मग जागा का गेली?

ही जागा काय कुणी खिरापत म्हणून वाटली नव्हती. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा पदरात पडल्या. बापानं मिळवलेली जागा बापानंच दिलेल्या धर्मापायी सोडायची, असा तो सरकारी डाव होता. खोटं लिहिलं ते मावशीनं नव्हे. खोटं लिहायला लावलं ते सरकारच्या रकान्यानं. तो कागद तिच्याविरुद्धचा पुरावा नाही, सरकारविरुद्धचा आहे. आणि पुरावा जाळायची घाई आपल्याच माणसाला? ज्याच्यावर खटला चालवायचा त्याचंच काम आपण फुकटात करणार!

पेटीत पुढचाही कागद आहे. १९९० ला दुरुस्ती झाल्यावर मावशीनं अर्ज केला, सर्व्हिस बुकात माझा धर्म बौद्ध असा लिहावा. मग स्मरणपत्र. मग दुसरं. मग तिसरं. तीन वर्षांनी नोंद झाली. नोंदीच्या नकलेवर तिनं निळ्या शाईनं फक्त तारीख घातली आहे आणि खाली दुहेरी रेघ ओढली आहे. पहिला कागद जाळलास तर या रेघेला काय अर्थ राहतो? बावीस-तेवीस वर्षांची पोर नोकरीला लागते आणि बावन्नाव्या वर्षी आपला धर्म कागदावर आणते. मधली सगळी लढाई पहिल्या कागदावाचून दिसणारच नाही.

शिवाय व्यवहाराचं बोलू. २००० च्या कायद्यानं महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची पडताळणी आहे. समिती विचारते, १० ऑगस्ट १९५० आधी तुझं कुळ या राज्यात होतं आणि तुझी जात हीच होती, दाखव पुरावा. तेव्हा हाच जाळा म्हणणारा आजोबाच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यासाठी तालुक्याला चकरा मारतो. आपल्याला जुना कागद अॅडमिशनपुरता हवा. इतिहासाला नको.

आता वह्यांचं. त्यातली एक १९७८ ची आहे. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. ऑगस्टात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. मावशी त्या दिवसांत रात्रपाळीला होती. वहीत निरोपाचा एक शब्द नाही. कायदा तिनं पाळला. नुसती वेळ आणि गावाचं नाव. रात्री अकरा पाच, अमुक गाव. अकरा वीस, तमुक गाव. पानंच्या पानं. आणि एका पानाच्या तळाशी एकच वाक्य, "आपल्याकडून कॉल नाही."

कसा असेल? फोन होता पाटलाच्या वाड्यात, पेढीवर, चौकीत. जळणाऱ्या वस्तीत फोन कुणाकडं होता? बाई रात्रभर सगळ्या गावांना जोडत बसली. फक्त तिची माणसं कुठल्याच दोरीच्या टोकाला नव्हती. नामांतराच्या काळावर पुस्तकं आली, अहवाल आले, पुढाऱ्यांच्या आठवणी आल्या. त्यात हे वाक्य आहे? आणि एक शिकलेला गृहस्थ वही चाळून मला म्हणतो, यात साहित्यमूल्य नाही! नसू दे. तुमच्या मूल्यानं मोजलं तर आमच्या आज्यांच्या ओव्याही मोडीतच गेल्या असत्या.

हे आपल्याकडंच घडतं असं नाही. ज्यांच्या नावावरून १९७२ साली पँथर उभी राहिली, त्या काळ्या माणसांचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराचं गुप्त संदेश फोडायचं मोठं केंद्र व्हर्जिनियात आर्लिंग्टन हॉलला होतं. तिथं काळ्यांची वेगळी तुकडी होती. भिंतीआड बसवलेली. तीत शिकलेल्या बाया होत्या. व्यापारी तारांचे सांकेतिक संदेश त्या उलगडायच्या. युद्धानंतर काळ्यांना ज्या विभागात कोंबलं, त्याला तिथले लोक "प्लँटेशन" म्हणायचे. गुलामांचा मळा! काम गुप्त, म्हणून घरी बोलायची सोय नाही. त्यांची हकीकत त्याच खात्यानं पुस्तिका काढून छापली ती २००१ साली, तीही हयात म्हाताऱ्यांना विचारून विचारून. त्यांच्याबरोबरच्या गोऱ्या बायांवर ग्रंथ निघाले. गुप्ततेचा कायदा सगळ्यांना सारखा. विसरण्याचा मात्र रंग बघून आणि जात बघून.

आणि कागद राहिला की काय होतं, हे आपल्याहून जास्त कुणाला ठाऊक? बाबासाहेबांचे कागद त्यांच्यामागं वर्षानुवर्षं कोर्टाच्या ताब्यात पडून होते. ते बाहेर निघाले, वसंत मून संपादनाला बसले, आणि १९७९ ला पहिला खंड आला. १९८७ ला रिडल्स छापलं गेलं आणि प्रस्थापितांच्या पायाखालची जमीन हादरली. ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईचे रस्ते आपल्या माणसांनी भरले ते कशासाठी? त्यांच्या हयातीत न छापलेल्या एका हस्तलिखितासाठी! ते कुणी "काय करायचेत" म्हणून वाण्याला घातलं असतं तर?

बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या. त्यात पोरपणीचा गोरेगावचा प्रवास आहे. बापाला पाठवलेलं पत्र नोकराच्या चुकीनं त्यांच्या हाती पडलं नाही, म्हणून मसूर स्टेशनावर न्यायला कुणी आलं नाही, आणि जात कळल्यावर गाडीवाला मिळेना. एक पत्र पोचलं नाही, तर लेकरं रात्रभर पाण्यावाचून राहिली. पत्र पोचणं न पोचणं हा आपल्याकडं जिवाचा मामला आहे. म्हणून तारेच्या, टपालाच्या, फोनच्या कचेरीत आपली बाई बसली, ही नुसती पगाराची गोष्ट नाही.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून दारोदार फिरल्या, चळवळीतल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं, तेव्हा १९८९ ला "आम्हीही इतिहास घडवला" आलं. त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. विद्यापीठाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायची आपल्याला हौस फार. आधी आपल्या घरातलं कपाट उघडा.

तार १४ जुलै २०१३ ला बंद झाली. ट्रंक एक्स्चेंज त्याच्या किती आधी गेलं. २०२० च्या जानेवारीत सरकारी टेलिफोन कंपनीतून अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. त्यात आपल्या बाया आहेत. नर्सा आहेत, मास्तरणी आहेत, टपालातल्या आहेत. खातं आपले कागद मुदत संपली की मोडीत काढतं. त्याच कागदाची नक्कल एखाद्या मावशीच्या पेटीत असते. ती गेली की दोन्हीकडून संपलं.

म्हणून सांगते, या जयंतीला डीजेच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढा. वस्तीत निवृत्त झालेल्या बायांची यादी करा. घरी जा, बसा, विचारा. कागदाचे फोटो घ्या, वर नाव आणि साल टाका. मूळ कागद तिच्याच घरी नीट बांधून ठेवा. लाजिरवाणा वाटणारा कागद आधी ठेवा. मेमो ठेवा, खराब शेरा ठेवा, "हिंदू" लिहिलेला ठेवा. आपला इतिहास धुऊन इस्त्री करून मांडायचा नाही. ते काम ज्यांनी हजारो वर्षं केलं त्यांना करू द्या.

आमच्या मावशीची पेटी माझ्याकडं आहे. ज्याला बघायची त्यानं यावं. ज्याला जाळायची, त्यानं आधी माझ्याशी बोलावं.

जयभीम.