गवती चहा, सोन्याचे कण आणि जंतुसंसर्ग

राजाजीनगर, बंगळूर येथील एका वाचक भगिनींनी विचारले आहे: ‘जंतुसंसर्गाने मूत्रपिंड, यकृत बिघडू लागले तर वनस्पतींपासून केलेले अतिसूक्ष्म कण उपयोगी पडतात, असे ऐकले. हे औषध कुठे मिळेल? तोवर घरी काढा द्यावा का?’

आधी दुखणे समजून घेऊ. लघवीचा, फुप्फुसाचा किंवा जखमेचा संसर्ग बळावला की कधी कधी शरीराची प्रतिकारशक्तीच बेभान होते. यालाच सेप्सिस म्हणतात. रक्तदाब उतरतो, बारीक गुठळ्या होतात आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, यकृत यांना पुरेसे रक्त मिळत नाही. २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख लोक सेप्सिसने दगावले, असा अंदाज आहे. प्रतिजैविके जंतू मारतात. पण भडकलेला दाह नेमका आवरणे अजून अवघडच आहे.

इथे वनस्पतींची आशा वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ साली गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात अर्क मिसळला की त्यातले घटक क्षारातून सोने वेगळे करतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग! दुसरीकडे, आल्यातून मिळणाऱ्या सूक्ष्म स्निग्ध कणांनी उंदरांच्या आतड्याचा दाह कमी झाल्याचेही दिसले आहे. असे कण औषध थेट सुजलेल्या अवयवापर्यंत नेतील, अशी ही कल्पना आहे.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. धातूचे कण यकृत आणि प्लीहेत साठू शकतात, म्हणून मात्रा व सुरक्षितता तपासावी लागते. सेप्सिससाठी असे औषध आज दुकानात मिळत नाही.

आणि काढा? गवती चहा उकळून सोन्याचे कण होत नाहीत. गुंगीतल्या रुग्णाला काही पाजल्यास ठसका लागून ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

ताप किंवा अंग गार पडणे, धाप, असंबद्ध बोलणे, लघवी फार कमी होणे, त्वचेवर निळसर डाग ही लक्षणे दिसली तर घरी थांबू नका. वृद्धांना ताप नसतानाही सेप्सिस होतो. आपल्या राजाजीनगरात ईएसआयचे मोठे रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री जायला आपल्याला कोणते रुग्णालय सोयीचे, हे आजच ठरवून ठेवा. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘हा सेप्सिस तर नाही ना?’ या दुखण्यात एकेक तास मोलाचा असतो.