किल्लारीतून लातूरला बिऱ्हाड: घर बघताना आधी पाणी विचारा

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीकरांनी कुठं राहायचं, हे सरकारनं ठरवलं. गाव नव्या जागी गेलं. जमिनीच्या मालकीप्रमाणं 250, 450 नाहीतर 750 चौरस फुटांची घरं मिळाली. आता लेकरांच्या शाळेसाठी लातूर गाठणाऱ्या तरुण जोडप्यांना वस्ती स्वतःच निवडावी लागते.

बऱ्याच जणांचा डोळा औसा रोडवर असतो. गावाकडची एसटी त्याच वाटेनं जाते, शेतीकडं आणि म्हाताऱ्या आई-बापाकडं ये-जा सोपी पडते. काहीजण मात्र 'लातूर पॅटर्न'च्या नावाखाली शिकवण्यांच्या भागात चढ्या भाड्यानं खोल्या घेतात. लेकरू अजून पहिलीत, अन् अकरावी-बारावीच्या गर्दीचं भाडं आत्तापासून कशाला?

खरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल 2016 मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळं नळ किती दिवसांनी येतो, बोअर मे महिन्यात टिकतो का, टँकरचा खर्च कोणाकडं, हे घरमालकाला नव्हे, शेजारच्या भाडेकरूला विचारावं. घर कॉलमचं आहे का, हे किल्लारीचा माणूस न सांगता बघतोच.