विमान एकाचे, वैमानिक दुसऱ्याचा. झोपेचा हिशेब कोणाकडे?

डिसेंबरात गळीत हंगाम भरात आला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. वरकुट्याच्या शिवारातून निघालेला ट्रॅक्टर एकाचा, त्यावरचा चालक दुसऱ्याने ठेवलेला, करार ठेकेदाराचा आणि ऊस कारखान्याचा. रात्रभर दोन खेपा केलेल्या चालकाने पहाटे तिसरी खेप न्यावी का, हे मात्र कोणीच ठरवत नाही. प्रत्येकाला वाटते, ते दुसऱ्याने पाहिले असेल.

हाच प्रश्न सध्या विमान वाहतुकीपुढे आहे. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा शेवटचा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाला. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. पुरेसे वैमानिक हाताशी नसल्याने डिसेंबरच्या सुरुवातीला देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सरकारने तिला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. प्रवाशांचे हाल खरे होते. पण हे नियम वैमानिकांच्या सोयीसाठी नसून प्रवाशांच्या जिवासाठी आहेत, हा मुद्दा त्या गोंधळात मागे पडला.

मोठ्या कंपनीची ही अवस्था, तर चार-पाच विमानांवर चालणाऱ्या छोट्या कंपनीचे काय? विमान भाड्याने घेणे मुळात गैर नाही. भारतातली बहुतांश प्रवासी विमाने भाडेपट्ट्यावरचीच आहेत. फरक भाड्याच्या प्रकारात आहे. नुसते विमान भाड्याने घेतले आणि वैमानिक, देखभाल स्वतःची ठेवली, तर जबाबदारी एका ठिकाणी राहते. विमान, वैमानिक आणि देखभाल सगळेच बाहेरून घेतले, तर तिकिटावर नाव एकाचे आणि उड्डाणाचा परवाना दुसऱ्याचा असे होते. तेव्हा थकवा पाहायचा कोणी, हे स्पष्ट नसेल तर धोका वाढतो.

आयर्लंडमधल्या कॉर्क येथे 10 फेब्रुवारी 2011 रोजी नेमके हेच घडले. बेलफास्टहून आलेले 19 आसनी विमान दाट धुक्यात तिसऱ्यांदा उतरण्याच्या प्रयत्नात कोसळले. विमानातल्या 12 जणांपैकी दोन्ही वैमानिकांसह सहा जण गेले. तिकिटे विकणारी ‘मॅन्क्स-2’ ही कंपनी स्वतः विमान कंपनी नव्हतीच. उड्डाणाचा परवाना एका स्पॅनिश कंपनीचा होता आणि विमान व वैमानिक आणखी तिसऱ्याकडून आलेले होते. चौकशी अहवालात वैमानिकांचा थकवा, नव्याने बढती मिळालेल्या कॅप्टनसोबत अननुभवी सहवैमानिकाची जोडी आणि परवानाधारकाची अपुरी देखरेख यांची नोंद आहे. धुके प्रत्येकाला दिसत होते. थकवा मात्र कोणाच्याच नोंदवहीत नव्हता.

वैद्यकीयदृष्ट्या थकवा हा फसवा आजार आहे. सलग 17 तास जागे राहिल्यावर माणसाची सतर्कता आणि हालचालींतला मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखा घसरतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे गाडी चालवताना मद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे रात्रभर जागलेला माणूस थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. दुसरे म्हणजे, दोन आठवडे रोज सहाच तास झोपणाऱ्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावते. तरीही त्यांना स्वतःला आपण ठीक आहोत असेच वाटते. ‘मला झोप येत नाही, मी चालवतो’ या शब्दावर म्हणूनच विसंबता येत नाही. मद्य श्वासातून सापडते आणि उड्डाणापूर्वी वैमानिकांची ती तपासणी होते. थकव्याची अशी नळी अजून निघालेली नाही. त्याला उपाय एकच, आधीच आखलेली आणि न मोडता येणारी विश्रांती.

अर्धवट झोपेतून उठण्याचाही धोका असतो. 22 मे 2010 रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीपलीकडे दरीत गेले आणि 158 जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन उड्डाणात दीड तासाहून अधिक झोपले होते आणि जाग आल्यानंतरच्या सुस्तीचा त्यांच्या निर्णयांवर परिणाम झाला असावा, असे चौकशीत पुढे आले. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू पूर्ण जागा व्हायला वेळ लागतो. रुग्णालयात पहाटे तीनला उठवलेल्या डॉक्टरलाही हे लागू आहे.

महाराष्ट्राला छोट्या विमानसेवांची गरज आहे, यात वाद नाही. जून 2025 मध्ये सोलापूर-गोवा सेवा सुरू झाली, तेव्हा इंदापूरच्या लोकांनाही पुण्याखेरीज दुसरा जवळचा पर्याय मिळाला. पण जळगाव आणि नाशिकहून 2017 च्या डिसेंबरात 18 आसनी विमानांनी सुरू झालेली सेवा टिकली नाही, हेही विसरू नये. विमाने मोजकी, वैमानिक मोजके आणि तिकिटाचा दर बांधलेला असला की एक विमान बंद पडताच सगळे वेळापत्रक कोसळते. मग उरलेल्या वैमानिकांवर ‘एवढी एक फेरी करून टाका’ असा ताण येतो. अनुदान देताना सरकार किती फेऱ्या झाल्या हे पाहते. किती वैमानिक राखीव आहेत आणि थकवा कळवणाऱ्याला शिक्षा होत नाही ना, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवे.

प्रवाशाच्या हाती थोडे आहे, पण काही आहे. तिकीट काढताना उड्डाण प्रत्यक्ष कोणती कंपनी करते ते वाचावे. शस्त्रक्रिया किंवा तपासणीसाठी निघालेल्या रुग्णाने त्याच दिवशीच्या विमानावर भिस्त न ठेवता एक दिवस आधी निघावे आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. आणि ‘वैमानिकाची वेळ संपली, उड्डाण रद्द’ अशी घोषणा झाली, तर खिडकीतल्या कर्मचाऱ्यावर धावून जाण्याआधी उसाच्या ट्रॅक्टरवरचा तो चालक आठवावा. त्याला थांबवणारे कोणी नसते. वैमानिकाला थांबवणारा नियम आहे, तो टिकवणे आपल्या हिताचे आहे.