विश्लेषण : नऊ नंबरच्या जागेवर भारतीय स्ट्रायकर कधी दिसणार?

२९ नोव्हेंबर २०१७. गोव्यातील बांबोळीच्या मैदानावर आय-लीगमधील सर्वांत तरुण संघाने आपला पहिला सामना जिंकला. इंडियन ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० असे हरवले आणि त्यातील दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने केले. अनिकेत तेव्हा १७ वर्षांचा होता. अवघ्या महिन्या-दीड महिन्यापूर्वी दिल्लीत तो १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला होता. अनेक वर्षे भारताला हवा असलेला स्ट्रायकर कोल्हापूरने दिला, अशी आशा त्या संध्याकाळी अनेकांनी बाळगली.

ती आशा पूर्ण झाली नाही. अनिकेत व्यावसायिक फुटबॉलपटू झाला, मोठ्या क्लबांकडून खेळला, विजेत्या संघाचा भाग राहिला. मात्र 'स्ट्रायकर' ही त्याची ओळख टिकली नाही. एका गुणी खेळाडूच्या वाटचालीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही हरला. तीन सामन्यांत भारताला एकही गोल करता आला नाही. त्या संपूर्ण वर्षात राष्ट्रीय संघाला एकही विजय मिळाला नाही. २०२५ मध्ये सिंगापूरकडून पराभूत होऊन भारताने २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रताही गमावली. या सर्व अपयशांमागे अनेक कारणे असली, तरी गोल करणाऱ्याचा अभाव हे त्यांतील समान कारण आहे.

प्रशिक्षण मिळाले, जागा मिळाली नाही

अनिकेतची वाटचाल कागदावर पाहिली तर तिच्यात उणीव काढणे कठीण आहे. कोल्हापुरातील मैदाने, पुण्यातील राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी, मग राष्ट्रीय कुमार संघ असा त्याचा प्रवास झाला. विश्वचषकातील मुले एकत्र राहावीत आणि त्यांना सामने मिळावेत, यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१७ मध्ये इंडियन ॲरोज हा संघ पुन्हा उभा केला. तेथून जमशेदपूर एफसीने त्याला करारबद्ध केले आणि इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात प्रशिक्षणाचीही संधी त्याला मिळाली. या क्लबाची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे. पुढे तो हैदराबाद एफसीकडे गेला आणि २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीग म्हणजेच आयएसएलचे विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होता. राष्ट्रीय संघाचे तत्कालीन क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी २०२२ च्या मार्चमध्ये बहरीन व बेलारूसविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी त्याला वरिष्ठ संघाच्या पथकात बोलावले.

या वाटचालीत प्रशिक्षण आहे, परदेशवारी आहे, करार आहेत. नाही ती एकच गोष्ट : १८ ते २२ या वयात दर आठवड्याला नऊ नंबरच्या जागेवर खेळण्याची संधी. आयएसएलमध्ये अनिकेत मुख्यतः बगलेवरून खेळणारा विंगर म्हणून ओळखला गेला. ब्लॅकबर्नमधून पुढची वाट निघणेही अवघड होते. २०२० पर्यंत इंग्लंडमधील कामाचा परवाना प्रामुख्याने फिफा क्रमवारीतील पहिल्या ५० देशांच्या नियमित आंतरराष्ट्रीय खेळाडूंनाच सहज मिळत असे. भारत त्या ५० च्या आसपासही नव्हता. म्हणजे तेथे शिकता येत होते, पण खेळता येत नव्हते.

स्ट्रायकरची कला मात्र सरावातून अर्धीच येते. बचावपटूच्या खांद्याआडून कोणत्या क्षणी निसटायचे, चुकलेल्या दोन संधींनंतर तिसरी शांतपणे कशी घ्यायची, गोलरक्षकाचा कल कसा ओळखायचा, हे सामन्यांतच कळते. बगलेवर गेलेला खेळाडू धावतो, चेंडू पुरवतो, बचावाला मदत करतो. गोलसमोरची ती सवय मात्र त्याला लागत नाही.

मांजुकिचने चढलेल्या पायऱ्या

स्टिमॅच ज्या देशातून आले, तेथील एका स्ट्रायकरची वाटचाल शेजारी ठेवली की फरक उघड होतो. क्रोएशियाची लोकसंख्या ४० लाखांहून कमी, म्हणजे मोठ्या भारतीय शहरापेक्षाही लहान. तरीही १९९८ च्या विश्वचषकात हा देश तिसरा आला. स्टिमॅच त्या संघात बचावपटू होते आणि सहा गोल करून स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान दावोर शुकेरने मिळवला होता. २०१८ मध्ये क्रोएशिया उपविजेता ठरला आणि २०२२ मध्ये पुन्हा तिसरा.

२०१८ च्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध १०९ व्या मिनिटाला निर्णायक गोल करणारा मारियो मांजुकिच हा कोणत्याही अर्थाने बालचमत्कार नव्हता. १९८६ मध्ये स्लावोन्स्की ब्रोद येथे जन्मलेल्या मांजुकिचचे बालपणातील काही काळ युद्धामुळे जर्मनीत गेला. परतल्यावर तो गावच्या मार्सोनिया क्लबात घडला. १९ व्या वर्षी एनके झाग्रेब या मधल्या फळीतील क्लबाकडे गेला आणि २००७ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या दिनामो झाग्रेबकडे.

तेथे जागा कशी रिकामी झाली, हे महत्त्वाचे आहे. दिनामोने त्याच उन्हाळ्यात आपला प्रमुख स्ट्रायकर एदुआर्दो याला इंग्लंडच्या आर्सेनलला विकले होते. विक्रीतून पैसा आला आणि त्या जागेवर २१ वर्षांचा मांजुकिच आला. २००८-०९ मध्ये १६ गोल करून तो क्रोएशियन लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. २०१० मध्ये त्यालाही जर्मनीच्या वोल्फ्सबर्गला विकण्यात आले. पुढे बायर्न म्युनिक, ॲटलेटिको माद्रिद, युव्हेंटस असा प्रवास झाला. २०१३ मध्ये बायर्नकडून आणि २०१७ मध्ये युव्हेंटसकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केले. देशासाठी ८९ सामन्यांत त्याचे ३३ गोल आहेत.

मांजुकिच जर्मनीला गेला तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्यापूर्वीच घरच्या लीगमध्ये त्याने तीन पायऱ्या चढल्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर तो स्ट्रायकर म्हणूनच उभा होता. क्रोएशियन लीगचा व्यवहारच खेळाडू घडवून विकण्याचा आहे. आजचा स्ट्रायकर विकला नाही तर उद्याचे अंदाजपत्रक जमत नाही. म्हणून उद्याचा स्ट्रायकर आजच मैदानात उतरवावा लागतो. फिफाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या रकमेतील ५ टक्के वाटा १२ ते २३ या वयात खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. त्यामुळे गावच्या लहान क्लबालाही मुलगा मोठा होण्यात आर्थिक रस असतो.

विकत घेणारी लीग

भारतात याच्या नेमके उलट घडते. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून २०२४-२५ पर्यंतच्या ११ हंगामांत सर्वाधिक गोलांचा पुरस्कार एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिन्हो, दोनदा कोरोमिनास, वाल्स्किस, अंगुलो, ओगबेचे, मॉरिसियो, डायमांटाकोस आणि अजराई ही ती यादी आहे. २०२४-२५ मध्ये भारतीयांत सर्वाधिक १४ गोल केले ते सुनील छेत्रीने, वयाच्या चाळिशीत. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा राष्ट्रीय संघात यावे लागले, हीच या टंचाईची कबुली होती.

परदेशी खेळाडूंची संख्या कमी झालेली नाही असे नाही. सुरुवातीला एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. २०१७-१८ पासून पाच आणि २०२१-२२ पासून चार. पण चारच जागा असल्या तर क्लब त्यांतील एक जवळजवळ हमखास स्ट्रायकरला देतो. गोल विकत घेणे हा विजयाचा सर्वांत जवळचा मार्ग असतो. गंमत अशी की, या जागा भरायला क्रोएशियाचेही खेळाडू आले. ईस्ट बंगालने २०२१-२२ मध्ये अंतोनिओ पेरोशेविचला, तर चेन्नईयिनने २०२२-२३ मध्ये जर्मनीच्या माइन्झ क्लबातून पुढे आलेल्या पेटर स्लिश्कोविचला आणले. दोघेही तिशीच्या उंबरठ्यावर किंवा तो ओलांडून आलेले. क्रोएशियाची लीग कारकिर्दीच्या आरंभीचे खेळाडू विकते. आपली लीग उत्तरार्धातील खेळाडू विकत घेते. क्लबांमध्ये भारतीयांना स्ट्रायकर म्हणून संधी मिळत नसल्याचा मुद्दा स्टिमॅच यांनी २०१९ ते २०२४ या कार्यकाळात वारंवार मांडला. त्यांच्या कारभारावर टीका झाली आणि ती रास्तही असेल, पण हा मुद्दा त्यांच्या गच्छंतीने खोटा ठरत नाही.

आता टंचाई भरून काढण्याचा नवा मार्गही बाहेरूनच येतो आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेला बंगळुरू एफसीचा आघाडीपटू रायन विल्यम्स याने २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. त्याचे स्वागतच व्हायला हवे. मात्र हा तात्पुरता उपाय आहे, हे विसरता येणार नाही.

भव्यता वर, पाया खाली

महाराष्ट्रात परिस्थिती अधिक बिकट आहे, कारण येथे मधल्या पायऱ्याच नाहीशा झाल्या. मुंबईची महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. त्यानंतर पुणे एफसी, मुंबई एफसी आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी यांचाही कारभार आटोपला. इंडियन ॲरोजचा प्रयोगही २०२२ मध्ये गुंडाळण्यात आला. तालमीच्या संघातून थेट आयएसएलपर्यंतचे अंतर एका उडीत पार करणे कोणत्याही मुलाला शक्य नाही.

कोल्हापूरची शोकांतिका यामुळे अधिक बोचते. राजाश्रयाने वाढलेल्या या शहरात १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी आणि शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना राजर्षी शाहू स्टेडियम तुडुंब भरते. विश्वचषकाच्या काळात पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे फडकतात. पण स्थानिक स्पर्धा जिंकण्याच्या ईर्ष्येपोटी बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आणण्याची पद्धत येथेही रुजली. आयएसएलच्या क्लबाने जे कोट्यवधींत केले, तेच पेठेच्या संघाने लाखांत केले.

कोल्हापूरशी नाते असलेली एक वास्तू याची आठवण करून देते. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याची सून झालेल्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास वाराणसीत शिंदे घाट बांधवला. काशीतील मराठी वस्तीची ती एक मोठी खूण. बांधकाम इतके भव्य होते की घाट स्वतःच्याच भाराने खचला आणि पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली. घाटाच्या पायथ्याशी कललेले मंदिर आजही उभे आहे. बांधणाऱ्यांच्या श्रद्धेत किंवा खर्चात काही कमी नव्हते. खालची जमीन तो भार पेलणारी नव्हती. भारतीय फुटबॉलमध्येही गेल्या दशकात भार वरच वाढला.

नियम करावा, पण पळवाट राहू नये

उपाय म्हणून परदेशी स्ट्रायकरवर सरसकट बंदीची मागणी अधूनमधून होते. तिला दोन हरकती आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली, चांगल्या परदेशी खेळाडूंमुळे भारतीय बचावपटूंचा दर्जा सुधारला आहे. २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध बंगळुरूसाठी ११७ व्या मिनिटाला विजयी गोल करणारा राहुल भेके हा मुंबईचा बचावपटू याच स्पर्धेत घडला. दुसरी हरकत अशी की, सक्तीला पळवाटा फुटतात. चीनने २३ वर्षांखालील खेळाडू खेळवण्याचा नियम केला, तेव्हा काही संघ त्या मुलाला उतरवून काही मिनिटांतच बाहेर काढू लागले.

म्हणून मोजायची तर संख्या नव्हे, मिनिटे मोजावीत. २३ वर्षांखालील भारतीयाला आघाडीवर संपूर्ण हंगामात किती मिनिटे मिळाली, यावर क्लबांना मिळणाऱ्या केंद्रीय निधीचा काही हिस्सा ठरवता येईल. दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये परदेशी आघाडीपटूंवर मर्यादा घातली तर एनके झाग्रेबसारखी मधली पायरी तयार होईल. देशांतर्गत हस्तांतरणातही घडवणाऱ्या संस्थेला वाटा मिळावा आणि तालमींची तशी नोंदणी व्हावी. म्हणजे पेठेतील मुलगा मोठा होणे हे चषक जिंकण्याइतकेच फायद्याचे ठरेल.

हे करण्याची वेळ सोयीची नाही. व्यावसायिक हक्कांच्या वादामुळे २०२५-२६ चा आयएसएल हंगाम ठरलेल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही आणि क्लबांपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. मात्र लीगची घडी नव्याने बसवायची असेल, तर नियम बदलण्याची संधीही हीच आहे. राष्ट्रीय संघाची धुरा आता खालिद जमील यांच्याकडे आहे. मुंबईच्या मैदानांवर अनेक वर्षे प्रशिक्षण दिलेल्या जमील यांना स्थानिक खेळाडूंची ताकद ठाऊक आहे. पण राष्ट्रीय प्रशिक्षक स्ट्रायकर निवडू शकतो, घडवू शकत नाही. ते काम क्लबांचे आहे.

अनिकेत जाधवच्या पिढीसाठी उशीर झाला आहे. बांबोळीत दोन गोल करणारा तो मुलगा २०२५ मध्ये २५ वर्षांचा झाला. याच वयात मांजुकिच जर्मनीत स्थिरावत होता. कोल्हापुरात आज दहा-बारा वर्षांची जी मुले चेंडूमागे धावत आहेत, ती २०३२ च्या आसपास सतरा-अठरा वर्षांची होतील. तेव्हा त्यांच्यासाठी नऊ नंबरची जागा मोकळी असेल की नाही, हे आता लिहिल्या जाणाऱ्या नियमांवर ठरेल.