पाठमोरा गनर

'आय' हे बटण दाबलं की पडद्यावरचा पंखा दोन-चार आचके देतो, नळकांड्यांतून धुराचा भपका निघतो आणि जड अंगाचं ते विमान बर्फाळ धावपट्टीवर थरथरायला लागतं. ज्यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी घरच्या कॉम्प्युटरला जॉयस्टिक जोडून 'इल-२ श्तुर्मोविक' खेळला, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. ओलेग मॅडॉक्स यांच्या मॉस्कोतल्या चमूने केलेला हा गेम नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आला. तोवर दुसऱ्या महायुद्धावरचे विमानांचे बहुतेक गेम म्हणजे इंग्लंडवरचं नाहीतर फ्रान्सवरचं आभाळ आणि त्यात स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट. पूर्व आघाडी, म्हणजे जिथे जर्मन सैन्याचा खरा कणा मोडला तो प्रदेश, गेमवाल्यांच्या नकाशावर जवळपास नव्हताच. त्यात मॅडॉक्सनी नायक निवडला तोही लढाऊ विमान नव्हे, तर झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन रणगाड्यांवर तुटून पडणारं एक बोजड विमान.

'श्तुर्मोविक' हे खरं तर विशेषनाम नाही. जमिनीवर हल्ला करणाऱ्या कुठल्याही विमानाला रशियनमध्ये श्तुर्मोविकच म्हणतात. पण इल-२ इतकी बनली, की जगाने जातीचं नाव तिलाच देऊन टाकलं. ३६,००० हून अधिक! लष्करी विमानाचा एकच नमुना इतक्या संख्येने कुणीही, कधीही बनवलेला नाही.

तिचा जनक सर्गेई इल्यूशिन व्होलोग्दाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. पेत्रोग्रादच्या विमानतळावर हँगर साफ करण्यापासून त्याने सुरुवात केली. (आपल्या हवाई दलातलं 'गजराज', म्हणजे इल-७६, त्याच्याच कार्यालयातून निघालेलं.) १९३८ मध्ये त्याने सरकारपुढे 'उडत्या रणगाड्या'ची कल्पना मांडली. कल्पना नवी नव्हती. विमानाला चिलखत चढवण्याचे प्रयोग अनेकांनी केले होते आणि वजनापायी त्यांतले बरेच फसले होते. आधी विमान बनवायचं आणि मग त्यावर पत्रे ठोकायचे, अशी बहुतेकांची रीत. इल्यूशिनने ती उलटी केली. त्याने चिलखतच विमानाचा सांगाडा केलं. इंजिन, रेडिएटर, पेट्रोलची टाकी आणि वैमानिक हे सगळं एका लांबट पोलादी घंगाळात बसवलं आणि त्या घंगाळाला पंख व शेपूट जोडलं. घंगाळाचं वजन सुमारे ७०० किलो. दोन्ही अंगांनी वळणदार पोलाद दाबून काढायचं तंत्र त्यासाठी धातुतज्ज्ञांना नव्याने बसवावं लागलं.

ऑक्टोबर १९३९ मध्ये व्लादिमीर कोक्किनाकीने पहिला नमुना उडवला, तो दोन आसनी होता. पुढे वैमानिक, त्याच्या मागे शेपटाकडे तोंड करून बसलेला गनर. मग लष्कराने हिशेब मांडला. इंजिन कमी पडतंय, पल्ला कमी पडतोय, वजन उतरवायला हवं. आणि उतरवला तो माणूस. कारखान्यातून विमान बाहेर पडायला लागलं ते एकट्या वैमानिकाचं. २२ जून १९४१ ला जर्मन फौजा सीमा ओलांडून आत आल्या तेव्हा अशी २४९ विमानं तयार होती. आठवड्याच्या आतच ती बेरेझिना नदीवरच्या लढाईत उतरली.

खालून सुटलेल्या गोळ्या घंगाळाने पुष्कळ अडवल्या. जर्मन वैमानिक तिला सिमेंटचं विमान म्हणत, ते उगीच नाही. पण जर्मन लढाऊ विमानं लवकरच शिकली, की हिच्या मागे कुणी बसलेलं नाही. पाठीमागून सावकाश यायचं, जवळ यायचं, मग झाडायचं. १९४१ आणि १९४२ मध्ये इल-२च्या तुकड्यांची जी वाताहत झाली, तिला अनेक कारणं होती: कच्चं प्रशिक्षण, सोबतीला लढाऊ विमानांची वानवा, आखणीतला गोंधळ. काटकसरीत काढून टाकलेली ती एक खुर्ची हे मात्र स्वतः ओढवून घेतलेलं कारण होतं.

दरम्यान कारखान्यांची वेगळीच लढाई चालू होती. १९४१ च्या शरदात व्होरोनेझचा मोठा कारखाना यंत्रांसकट रेल्वेत भरून व्होल्गाकाठच्या कुइबिशेवला, म्हणजे आजच्या समाराला हलवला. तिथल्या इमारतींची छपरंही पुरी झालेली नव्हती. त्या थंडीत यंत्रं उतरवून डिसेंबरात पहिली विमानं बाहेर काढली, तरी स्टालिनची तार आलीच. इल-२ लाल सेनेला हवेसारखी, भाकरीसारखी लागते आणि तुम्ही दिवसाला एक देता, असा तिचा मथितार्थ. एवढं लोखंड-अॅल्युमिनियम होतं कुठे? म्हणून विमानाचा मागचा अर्धा भाग लाकडाचा राहिला, आणि पुढे काही काळ पंखांची टोकंही लाकडी झाली.

आघाडीवरच्या तुकड्यांनी वाट पाहिली नाही. १९४२ मध्ये मेकॅनिकांनी वैमानिकाच्या पाठीमागे विमानाची पाठ कापली, भोक पाडलं, मशीनगन बसवली आणि तिच्यामागे कुणालातरी बसवलं. त्या वर्षीच्या शरदापासून कारखानेही दोन आसनी विमान देऊ लागले. घंगाळ मात्र तेवढंच राहिलं. ते लांबवायचं तर सगळी जुळणी बदलावी लागली असती आणि उत्पादन थांबवणं कुणाला परवडणार? त्यामुळे गनर बसला तो चिलखताबाहेर, लाकडी शेपटाच्या तोंडाशी, कापडी पट्ट्याच्या आसनावर. त्याच्या वजनाने विमानाचा तोल मागे गेला, हाताळणी बिघडली आणि ती सुधारण्यासाठी पुढे पंखांचे बाहेरचे भाग मागे झुकते करावे लागले. म्हणजे आधी काढून टाकलेल्या माणसाला परत घेताना पंखाचा आकारही बदलावा लागला.

गेमची थोरवी इथे मान्य केलीच पाहिजे. ही सगळी उत्क्रांती त्यात आहे. १९४१ चं एकआसनी, आघाडीवर कापून-जोडून केलेलं, कारखान्याचं दोन आसनी, अशी प्रत्येक आवृत्ती वेगळी उडते. जे इतिहासाची जाडजूड पुस्तकं तळटीपेत सांगतात, ते इथे मनगटाला कळतं. रॉकेटं नेम धरून सोडली तरी रणगाड्याच्या आजूबाजूला माती उडवतात आणि खेळणारा चिडतो. चिडू नये, खऱ्या चाचण्यांतही शंभरात एखाद-दुसरंच लागत असे. म्हणूनच जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत छोट्या बॉम्बची पेटी आली. एका फेरीत दीड-दोनशे बॉम्ब रणगाड्यांवर पेरायचे, एखादा तरी पातळ छतावर पडेल.

पण गेम सगळं सांगत नाही, आणि सांगू शकतही नाही. खेळणारा बसतो बहुतेक वेळा पुढे. मागचा गनर संगणक चालवतो. तो कधी बेशुद्ध पडतो, कधी मरतो. पडद्यावर एक ओळ उमटते आणि आपण पुढच्या लक्ष्याकडे वळतो. एस्केप दाबा, 'रीफ्लाय' म्हणा, तो परत जिवंत. लढाईत पडलेल्या श्तुर्मोविकांची संख्या दहा हजारांच्या पुढे जाते. वैमानिकांची नावं निदान काही प्रमाणात राहिली. १९६८ मध्ये सोयुझ-३ मधून अंतराळात गेलेला गिओर्गी बेरेगोवॉय मूळचा इल-२चाच वैमानिक. गनरांपैकी किती नावं सांगता येतील?

एक सांगतो. दूस्या नाझार्किना. आन्ना येगोरोवा ही इल-२ उडवणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी एक; त्याआधी ती मॉस्को मेट्रोच्या बांधकामावर राबली होती. दूस्या तिची गनर. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्साजवळ त्यांचं विमान पडलं. आन्ना भाजली, कैद झाली, जर्मन छावणीतून जिवंत सुटली. सुटकेनंतर आपल्याच लोकांनी गद्दार समजून तिची उलटतपासणी केली आणि १९६५ मध्ये तिला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब दिला. दूस्या विमानाबरोबरच गेली.

गेममध्ये हवं तर वैमानिकाची जागा सोडून मागे बसता येतं. सहसा कुणी बसत नाही, कारण करण्यासारखं फार नसतं. एकदा बसून पाहावं. विमान सूर मारतं तेव्हा मागच्याला फक्त आभाळ दिसतं. इंजिनाचा सूर चढत जातो, तोफा धडधडतात, खाली काय आहे ते कळत नाही. मग वैमानिक नाक वर खेचतो आणि आभाळाच्या जागी एकदम जमीन येते, लांब जात असलेली. नुकतेच टाकलेले बॉम्ब कुठे पडले, ते पुढच्याला दिसत नाही. धूर, उलटलेला ट्रक, पळणारे ठिपके, हे सगळं पाहतो तो पाठमोरा माणूस.