काच बदलली, नजरेचं काय?

दिवाळीच्या आसपास आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. रस्त्यांची कामं आणि मित्रमंडळींच्या ट्रिपा. मग कुठल्या तरी हायवेवर पुढे एक खडीचा डंपर असतो, त्यावर ताडपत्री नसते, आणि मागे गाणी लावून आपण असतो. ‘टक्’ असा एवढासाच आवाज येतो. काचेवर हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका उमटतो आणि घरी पोचेपर्यंत त्याला वीतभर तडा फुटलेला असतो.

आमच्या टीममधल्या एका सहकाऱ्याच्या घरी हेच झालं. गाडी त्याची, पण त्या दिवशी चालवत होता त्याचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. मुलगा गुणी. बाबांना कळायच्या आत प्रकरण मिटवायचं, असं त्यानं ठरवलं. मित्राच्या ओळखीचा एक काचवाला गाठला. ‘दादा, ओरिजिनलसारखीच काच आहे, दोन तासांत गाडी घेऊन जा,’ असं काचवाला म्हणाला आणि त्यानं शब्द पाळलाही. काच स्वच्छ, बीडिंग नीट, पाण्याचा एक थेंब आत नाही. आरशामागचा कॅमेरा जुन्या काचेवरून काढून नव्या काचेवर अडकवला, कनेक्टर जोडला. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटला नाही. दिवा नाही म्हणजे बिघाड नाही, असा सरळ हिशेब.

साधारण दोन आठवड्यांनी सहकारी एकटाच पुण्याहून साताऱ्याकडे निघाला होता. लेन असिस्ट नेहमीसारखं चालू. गाडी लेनच्या मधोमध असताना स्टिअरिंग हळूच डावीकडे ओढ घ्यायला लागलं. त्यानं परत आणलं, तर पुन्हा ओढ. डावीकडून एक बाइकवाला जात होता, त्यानं केलेला हॉर्न आणि हातवारे आमच्या सहकाऱ्याला अजून आठवतात. कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर मात्र चौकशी झाली आणि मुलानं काचेची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट या पानावर कशाला, असं वाटेल. गाडी बाबांची, बिल बाबांचं, आपण फार तर मागच्या सीटवर. पण २०२०-२१ नंतर आपल्या बाजारात कॅमेऱ्यावर चालणाऱ्या चालक-मदत यंत्रणा, म्हणजे ज्याला जाहिरातीत ‘एडास’ म्हणतात त्या, मध्यमवर्गीय घरांच्या गाड्यांत आल्या. आज ज्या गाडीवर तुम्ही हात साफ करताय आणि चार-पाच वर्षांनी जी सेकंडहँड घ्याल, तिच्या काचेमागे हा डोळा असण्याची शक्यता बरीच आहे. आणि ती काच बदलताना काय करायचं, हे ना ड्रायव्हिंग स्कूल सांगत, ना शोरूममधला सेल्समन.

तर आधी काचेबद्दल. पुढची काच म्हणजे नुसती काच नव्हे. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असं ते सँडविच असतं, म्हणून ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ साली एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सुकलेल्या द्रावणाचा थर होता. तिथून या काचेची सुरुवात झाली, असं सांगतात. आजच्या गाडीत या काचेकडे आणखी कामं आहेत. गाडी उलटली तर छताला आधार द्यायचा. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना हिलाच टेकते. म्हणूनच सीलंट सुकायच्या आत गाडी बाहेर काढायची नसते. ‘दोन तासांत न्या’ म्हणणाऱ्याला आधी सीलंट कोणतं आणि त्याला किती वेळ लागतो, हे विचारावं.

आता कॅमेरा. तो काचेच्या आतून, काचेतूनच रस्ता बघतो. म्हणजे ती काच त्याच्या चष्म्यासारखी. चष्म्याची काच बदलली, फ्रेम नाकावर किंचित तिरकी बसली तर आपल्याला दोन दिवस पायऱ्या चुकल्यासारख्या होतात. आपला मेंदू सावरून घेतो. गाडीच्या मेंदूला मात्र सांगावं लागतं, की बाबा, आता तू इथून, या कोनातून बघतोयस. या सांगण्याला कॅलिब्रेशन म्हणतात. नव्या काचेवर कॅमेऱ्याचं ब्रॅकेट केसभर इकडेतिकडे चिकटलेलं असू शकतं, काचेची वक्रता किंचित वेगळी असू शकते. केसभरच. त्यानं काय होतं, असं कुणी म्हणेल.

बारावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक आठवा. कॅमेरा एक अंशानं डावी-उजवीकडे वळला, तर १०० मीटरवरच्या गोष्टीची जागा पावणेदोन मीटरनं चुकते. आपल्या हायवेची एक लेन साडेतीन मीटर रुंद धरतात. म्हणजे बरोब्बर अर्धी लेन. जी गाडी तुमच्यासमोर आहे ती शेजारच्या पट्टीच्या रेषेवर आहे असं वाटू शकतं, आणि शेजारचा बाइकवाला तुमच्यासमोर. वर-खालीची चूक तर आणखी वाईट. एकच कॅमेरा असेल तर समोरच्या गाडीची चाकं चित्रात क्षितिजापासून किती खाली दिसतात, त्यावरून तो अंतराचा अंदाज घेऊ शकतो. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटरवर आहे असं धरा. ५० मीटरवरची गाडी क्षितिजाच्या साधारण दीड अंश खाली दिसेल. आता अर्ध्या अंशाची चूक घाला. तीच गाडी ७५ मीटरवर असल्यासारखी वाटेल. ताशी १०० किलोमीटरला आपण सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो, म्हणजे ब्रेक लावायचा निर्णय घ्यायला हाताशी असलेल्या वेळातला पाऊण सेकंदाहून जास्त वेळ गायब. प्रत्यक्षात काही गाड्यांत पुढे रडारही असतं, काही यंत्रणा चालता चालता स्वतःची चूक थोडीफार सुधारतात, त्यामुळे सगळंच इतकं सरळ बिघडत नाही. पण आपल्या गाडीत नक्की काय सुधारतं आणि किती, हे आपल्याला कुठे माहीत असतं?

आणि खरी गोम इथेच आहे. काही गाड्या काच बदलल्यावर यंत्रणा बंद करून तसा मेसेज देतात. तो भाग्याचा प्रकार म्हणायचा. पण कॅमेरा जोडलेला आहे, चित्र येतंय, फक्त नजर किंचित तिरकी आहे, अशा वेळी गाडीला काही चुकतंय हे कळेलच असं नाही. बंद पडलेली यंत्रणा बरी, माणूस सावध राहतो. चुकीची चालणारी यंत्रणा, आणि तिच्यावर रोजच्या सवयीनं टाकलेला विश्वास, हे मिश्रण धोक्याचं. आमच्या सहकाऱ्याला तर काच बदललीये हेच ठाऊक नव्हतं.

कॅलिब्रेशन करतात कसं? एक पद्धत गाडी उभी करून. सपाट फरशी, एकसारखा उजेड, टायरमध्ये नेमकी हवा, डिकीत सामान नको, आणि गाडीसमोर कंपनीनं ठरवलेल्या अंतरावर, ठरवलेल्या उंचीवर चौकटी-ठिपक्यांचा बोर्ड. तो बोर्ड टेप लावून, लेझर मारून गाडीच्या मध्यरेषेशी जुळवतात आणि मग स्कॅनर लावून कॅमेऱ्याला तो दाखवतात. दुसरी पद्धत गाडी चालवून. स्कॅनर जोडायचा आणि ठरावीक वेगानं, पांढऱ्या पट्ट्या स्पष्ट असलेल्या रस्त्यावर जायचं, कॅमेरा स्वतः शिकतो. काही गाड्यांना दोन्ही लागतात. स्पष्ट पट्ट्यांचा, मोकळा, वेग धरता येईल असा रस्ता आपल्या शहरात कुठे आहे, हा प्रश्न आम्ही नगरसेवकांसाठी राखून ठेवतो.

मॉडिफिकेशनवाल्या मंडळींनी इथे कान टवकारावेत. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली, किंवा कंपनीनं दिले त्याहून मोठे टायर घातले, की कॅमेऱ्याची उंची आणि कल बदलतो. काच तीच, ब्रॅकेट तेच, तरी नजर चुकली. अपघातानंतरच्या दुरुस्तीला, आणि काही गाड्यांत व्हील अलाइनमेंटलाही हाच नियम. रीलवर गाडी कितीही भारी दिसो.

आता पैशांचं. कॅलिब्रेशनची रक्कम बिलावर वेगळी दिसली की घराघरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘लुटतात मेले.’ आमचं म्हणणं असं, की ही ओळ बिलावर दिसली तर भांडू नका, दिसली नाही तर भांडा. झाल्याचा रिपोर्ट मागा, बहुतेक स्कॅनर तो देतात. विम्याचंही समजून घ्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचा एक रुपया मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के कापतात. सक्तीची कपात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार, त्यावर दोन हजार. आणि एक क्लेम केला की २० ते ५० टक्क्यांपर्यंत साठवलेला नो क्लेम बोनस सहसा जातो, त्यासाठीचं जादा संरक्षण घेतलं नसेल तर. बेरीज-वजाबाकी करूनच क्लेम टाका. पण काम सुरू होण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा, कॅलिब्रेशनचा खर्च काचेच्या क्लेममध्ये धरणार का? हे उत्तर सर्व्हेअरच्या मर्जीवर असू नये. जिथे कॅमेऱ्याची गाडी, तिथे काच आणि कॅलिब्रेशन हे एकच काम, असं पॉलिसीत छापून यायला हवं.

पण सगळा दोष चौकातल्या काचवाल्यावर टाकून आम्हाला मोकळं व्हायचं नाही. तो वीस वर्षं काचा बसवतोय, त्याचा हात साफ आहे. त्याच्याकडे नाही ते काय, तर त्या कंपनीचा बोर्ड, मापं आणि सॉफ्टवेअरची परवानगी. ती त्याला मिळतही नाही, किंवा मिळाली तरी परवडत नाही. मग दोनच रस्ते उरतात, कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा ‘चालतंय की’. जिल्ह्याच्या गावात सर्व्हिस सेंटर असेलही, पण तिथे हे सामान असेलच असं नाही, आणि गाडी शंभर किलोमीटर नेऊन दोन दिवस ठेवायची वेळ येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल, शेती अवजारं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. पोर्टलवर हेल्पलाइनचा नंबर असणं वेगळं आणि काचवाल्याच्या हातात मापाचा कागद असणं वेगळं. सुरक्षेच्या यंत्रणेची मापं हे कंपन्यांचं व्यापारी गुपित असायचं काही कारण आम्हाला दिसत नाही. योग्य किंमत घ्या, प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या, पण द्या. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गातल्या पोरांना हे शिकवलं तर त्यांच्यासाठी तो चांगला धंदा आहे. कार्ब्युरेटरवर प्रश्न विचारून त्यांचं किती भलं होणार?

याच्यावर नेहमीचा टोला येतो. ‘आपल्या रस्त्यांवर एडास लागतंच कशाला? आम्ही तर बंदच ठेवतो.’ म्हैस, उलट्या दिशेनं येणारा टेम्पो आणि मिटलेल्या पट्ट्या पाहता या बोलण्यात तथ्य नाही, असं नाही. पण आपोआप लागणारा ब्रेक बऱ्याच गाड्यांत गाडी सुरू केली की पुन्हा चालूच होतो. आणि गाडी एका घरात राहत नाही. आज तुम्ही बंद ठेवलेली यंत्रणा पुढचा मालक चालू करेल, त्याला तुमच्या काचेचा इतिहास कोण सांगणार? सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा पुढच्या काचेच्या कोपऱ्यातलं चिन्ह आणि बाजूच्या काचांवरचं चिन्ह ताडून बघा. कंपनी किंवा सालाची खूण वेगळी दिसली तर काच बदललेली असू शकते. मग कॅलिब्रेशनचा कागद मागायचा. डीलर हसेल. हसू द्या.

एक बारीक गोष्ट राहिली. काच बदलली की फास्टॅगही गेला, तो काढताना फाटतो, बँकेकडून नवा घ्यावा लागतो. तो लावताना बरेच जण काचेवर आरशामागे मोकळी दिसेल ती जागा पकडतात आणि नेमका कॅमेऱ्याच्या खिडकीवर चिकटवतात. देवाचा स्टिकर, कॉलेजच्या गॅदरिंगचा स्टिकर यांचंही तेच. ठिपक्याएवढा तडा रेझिन भरून दुरुस्त होतो, हेही खरं, पण तो कॅमेऱ्यासमोर असेल तर नाही.

सहकाऱ्याची गाडी शेवटी सर्व्हिस सेंटरला गेली. काच तीच राहिली, चांगली होती. बोर्ड लावून कॅलिब्रेशन झालं, मग एक कर्मचारी स्कॅनर जोडून बायपासवर चक्कर मारून आला. दोन पानी रिपोर्ट मिळाला, तो आता पीयूसी आणि आरसीच्या शेजारी ठेवलेला असतो. त्याचं बिल मुलानं आपल्या पॉकेटमनीतून दरमहा पाचशे करून फेडायचं ठरलंय. डंपरवर ताडपत्री का नव्हती, ते मात्र कुणी विचारलेलं नाही.