एक नस, दोन थापा

सकाळी बागेतल्या बाकावर आम्ही चार-पाच निवृत्त पुरुष बसतो. विषय ठरलेले : गुडघे, पेन्शन आणि 'आता पूर्वीचा जोर राहिला नाही'. कसला जोर, हे कोणी विचारत नाही. विचारू नयेच. पण परवा एकाने खिशातून शिलाजिताची बाटली काढली आणि माझी सहनशक्ती (तीही पूर्वीची राहिलेली नाही) संपली.

अहो, हे वेड जुनंच. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या नि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत सांगितलं, मी आता जिने धावत चढतो! लघवीची धारही पूर्वीपेक्षा लांब जाते म्हणे. भर सभेत! आम्ही निदान कुजबुजतो तरी.

त्यावर कडी केली व्हिएन्नाच्या श्टाइनाखने. पुरुषाची बीजवाहिनी बांधली की आतल्या ग्रंथीला चेव येतो आणि म्हातारा तरुण होतो, हा त्याचा शोध. १९२३ साली फ्रॉइडने आणि १९३४ साली कवी येट्सने हे करून घेतलं. फ्रॉइडने! जगाची मनं वाचणाऱ्या माणसाने!

आता ही शस्त्रक्रिया म्हणजे काय? आपली नसबंदीच की हो! तपशिलात फरक असेल, पण नस तीच. आणीबाणीत तिच्या भीतीने उत्तरेत लोक शेतात लपले. जबरदस्ती होती, लपले ते बरोबरच केलं. पण आणीबाणी १९७७ साली संपली, आपण अजून लपलेलेच! का, तर पुरुषत्व जातं, अशक्तपणा येतो. तिकडे कापली की म्हातारा तरुण, इकडे कापली की तरुण म्हातारा. दोन्ही थापा. मात्र तिकडच्यांनी आपल्या थापेची सुरी स्वतःवर चालवून घेतली; आपल्या थापेची सुरी बायकोवर चालते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३.

मी तरी कोण मोठा लागून गेलो? १९८३ साली आमच्याकडे प्रश्न निघाला तेव्हा आई म्हणाली, "तो कमावता आहे, त्याला नको." मी वर्तमानपत्र जरा वर धरलं. टाके हिला पडले.

हे सगळं हिला वाचून दाखवलं. ही मेथी निवडत होती. म्हणाली, "त्या येट्सचं तेव्हाच सांगायचंत की. मी स्वतः रिक्षा करून नेलं असतं तुम्हाला."